डगीसाहेबांचा राहिलेला निरोप

दुभाष्याचं काम काय असतं, असं कुणी विचारलं की मी आजवर एकच उत्तर देत आलो. ऐकायचं आणि सांगायचं, मध्ये स्वतःचं काही घालायचं नाही. साताऱ्यातल्या माझ्या इंग्रजीच्या क्लासात हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. पण ते पाळणं ज्या दिवशी खरोखर गरजेचं होतं, त्या दिवशी मी पाळलं नाही. मला एक प्रश्न विचारायला सांगितला होता. तो मी विचारला नाही आणि त्याचं उत्तर मात्र माझ्याच मनाने देऊन टाकलं. त्यामुळे दोन चांगली माणसं एकमेकांना हलकी समजून वेगळी झाली. खरं काय ते मधल्या मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो.

स्कॉटिश माणसांच्या बोलण्याचे किस्से मी बऱ्याच ठिकाणी सांगितले आहेत. लोक पोट धरून हसतात. ते किस्से इथेही येतील, कारण ते खरे आहेत आणि मला अजून आवडतात. पण दरवेळी मी जिथे थांबतो, तिथे आज थांबणार नाही.

मी मूळचा पलूसचा. घरात 'आमी' आणि 'न्हाई' बोलत वाढलो आणि सांगलीला कॉलेजात गेल्यावर ते घासून घासून तोंडातून काढून टाकलं. पुढे पुण्यात कॉल सेंटरला लागलो. आमचे ग्राहक सगळे स्कॉटलंडचे. पाणी तापवायची यंत्रं बिघडली की ते आम्हाला फोन करायचे. पहिले काही दिवस मला वाटलं, ही माणसं इंग्रजी बोलतच नाहीत. मग कानाला सवय झाली आणि लक्षात आलं की ही भाषा आमच्या पलूसच्या बाजारासारखी आहे. पुस्तकात तिला जागा नाही, पण तोंडात पक्की बसलेली. एक आजी म्हणायच्या, 'आय'म स्कनर्ड.' म्हणजे वीट आलाय, पार शिसारी आलीय. आमची आई चुलीवरच्या धुराला वैतागून 'इट आला बया' म्हणायची, ते अगदी तसंच.

पुण्याची नोकरी सोडून साताऱ्यात क्लास काढला आणि हे ज्ञान आता वाया गेलं असं वाटत असताना औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. त्यांनी स्कॉटलंडातल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातला जुना प्रेस विकत घेतला होता. प्रेस म्हणजे जाड पत्रा दाबून त्याला आकार देणारं यंत्र. हे यंत्र दुमजली घराएवढं होतं. ते सुटं करून जहाजाने आणलं आणि जोडून द्यायला त्याच कारखान्यात हयात घालवलेला एक फिटर आला. त्याचं नाव डगी. आमच्याकडे आल्यावर तो पहिल्याच दिवशी डगीसाहेब झाला.

कारखान्यातले इंजिनियर इंग्रजीतून शिकलेले होते, तरी डगीसाहेब बोलायला लागले की त्यांचे चेहरे कोरे व्हायचे. मॅनेजरांनी आधी फोनमधल्या भाषांतरावर काम भागवायचं ठरवलं. साहेब पावसात भिजून आले होते. फोनसमोर ते म्हणाले, 'इट्स ड्रीख, अँड आय'म ड्रूकिट.' फोनने पुन्हा बोलायची विनंती केली. साहेबांनी पुन्हा, जरा जोरात सांगितलं. मग फोनने कुणा ड्यूकची चौकशी केली. दुसऱ्या दिवशी मला फोन आला.

ड्रीख म्हणजे आभाळ भरलेलं, हवा कुंद, सूर्याचा पत्ता नाही आणि मन खाली बसलेलं. आपल्याकडे श्रावणात झड लागली की चार-चार दिवस असतं तसं. आणि ड्रूकिट म्हणजे ओलाचिंब. मी हे मराठीत सांगितलं तेव्हा मशीनपाशी उभे असलेले महिपती तात्या म्हणाले, "मग असं म्हना की. एवढ्यासाटी फोन कशाला इचारायचा?"

महिपती तात्या उंब्रजचे. कारखान्याच्या देखभाल खात्यात जुने फिटर. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली. डोक्याला कायम मफलर आणि बोलण्यात साखर कमी. डगीसाहेबांच्या हाताखाली त्यांना दिलं होतं आणि त्या दोघांच्या मध्ये मी.

पहिल्या दिवसापासून मला कळलं की हे दोघं एकाच मातीचे आहेत. डगीसाहेबांना सगळंच 'वी' असायचं. वी म्हणजे इवलंसं. वी चहा, वी नट, आणि तो दुमजली प्रेस म्हणजे 'वी मशीन'. तात्यांना सगळंच 'लय' असायचं. साहेब 'आय' म्हणायचे, तात्या 'व्हय' म्हणायचे, आणि या दोन शब्दांवर त्यांचं अर्धं काम माझ्याशिवाय चालायचं. एखादा भाग डगडगत असेल तर साहेब 'शूगली' म्हणायचे. आठवड्याभरात तात्याही पोरांवर ओरडायला लागले, "आरं, शूगली हाय ते, धर की नीट." दुपारी साहेब डब्यातला पाव काढायचे. त्याला ते 'पीस' म्हणायचे. तात्या त्यांच्या पुढे भाकरी आणि खर्डा सरकवायचे. पहिल्या घासाला साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तात्यांनी मला सांगितलं, "त्येनला म्हनावं, रडू नगा, घरची आठवन आली तर अजून वाढतो."

माझं काम त्या दोघांची भांडणं मऊ करणं हे होतं, असं मीच ठरवून टाकलं होतं. स्कॉटिश माणसाला समोरचा काहीतरीच बोलतोय असं वाटलं की तो म्हणतो, तुझं बूड खिडकीबाहेर आहे. डगीसाहेब हे तात्यांना दिवसातून दोनदा म्हणायचे. मी सांगायचो, साहेबांना ते तितकंसं पटलेलं नाही. तात्या म्हणायचे, "ह्येच्या डोस्क्यात भुसा भरलाय काय?" मी साहेबांना सांगायचो, तात्या यावर आणखी विचार व्हावा असं सुचवताहेत. मॅनेजर खूश होते. मीही खूश होतो. कुणी न विचारता मी दोघांना सभ्य करून टाकलं होतं. आता वाटतं, ते खिडकीबाहेरचं बूड तसंच तात्यांपर्यंत पोचवलं असतं तर ते केवढे हसले असते.

आणि हळूहळू मला आणखी एक खोड लागली. बारीकसारीक गोष्टी मी विचारेनासा झालो. साहेब चहा घेतील का, उद्या लवकर येतील का, याची उत्तरं मला आधीच ठाऊक असायची. मीच सांगून टाकायचो. कधी चुकलं नाही. त्यामुळे खोड पक्की झाली.

डगीसाहेबांकडे एक लेव्हल होती. गवंड्याची पाणसळ सगळ्यांनी पाहिली असेल, काचेच्या नळीतला बुडबुडा मधे आला की पातळी बरोबर. ही त्याच जातीची, पण फार नाजूक. ओतीव लोखंडाची, बूड आरशासारखं घासलेलं. प्रेसची बैठक केसभर जरी कलली तरी पुढे यंत्र स्वतःला खात जातं, म्हणून ती पातळी या लेव्हलने बघायची. साहेबांच्या वडिलांनी जहाजं बांधायच्या गोदीत ती वापरली होती आणि तिच्यावर त्यांचं नाव कोरलेलं होतं. लाकडी पेटीत, मऊ कापडात ती असायची. तिच्या बुडाला साहेब स्वतःचं बोटही लावत नसत. दुसऱ्या कुणाला ती पेटी उघडायची मुभा नव्हती. फक्त तात्यांना होती, तीही साहेब समोर असतील तेव्हाच.

नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते, हे वाचकांना सांगायला नको. कारखान्यात त्या दिवशी पाने, हातोडे, मापं सगळी धुऊन-पुसून मांडतात. हळदीकुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात आणि नारळ फोडतात. आदल्या दिवशी दुपारी तात्या माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, साहेबांस्नी इचारा, त्येंची हत्यारं पूजेला मांडू का? त्येंच्या वडलांची ती लेवल मधी ठेवावी म्हनतो. मानाची."

साहेब पलीकडे फोनवर घरच्यांशी बोलत होते. मला क्लासला जायची घाई होती. गणपतीत साहेबांनी हौसेने कपाळाला गंध लावून घेतलं होतं, आरतीला टाळ्या वाजवल्या होत्या. ते नाही कशाला म्हणतील? मी अर्ध्या वाटेपर्यंत गेलो, फोन संपायची चिन्हं नव्हती, परत आलो आणि तात्यांना म्हणालो, "साहेब हो म्हणाले. मांडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी डगीसाहेब आले तेव्हा पूजा झाली होती. पाटावर, लाल कापडावर, सगळ्या हत्यारांच्या मधोमध त्यांच्या वडिलांची लेव्हल. तिला झेंडूची माळ. हळदीकुंकवाची बोटं तिच्या घासलेल्या बुडालाही लागलेली आणि नारळाचं पाणी वरून ओघळलेलं. तात्या धुतलेला सदरा घालून, हात जोडून बाजूला उभे होते. साहेबांना काय वाटेल हे बघायला सगळं खातं जमलं होतं.

साहेब जे बोलले त्यातले बरेच शब्द या अंकात छापता यायचे नाहीत. छापण्याजोगा सगळ्यात सौम्य शब्द 'ग्लेकिट' होता, म्हणजे डोळ्यांत उजेड नसलेला बावळट. पण खरा घाव पुढे होता. माझ्या पेटीला चोरासारखा हात लावलास, असं ते तात्यांना म्हणाले. माळ ओढून त्यांनी लेव्हल छातीशी धरली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "साहेब म्हणतात, लेव्हलला ओलं लागायला नको होतं."

तात्यांना भाषा कळत नव्हती, सूर कळत होता. त्यांनी शांतपणे विचारलं, "पर साहेब काल हो म्हनले हुते न्हवं?"

तेवढ्या क्षणात मी सांगू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं. सगळं खातं समोर उभं होतं, मॅनेजर दारात येऊन थांबले होते, आणि मी म्हणालो, "म्हणाले होते. आता राग आलाय त्यांना."

तात्यांनी मान हलवली, मफलर सारखा केला आणि ते चालू लागले. त्यांनी मॅनेजरांना सांगून दुसऱ्या शेडमध्ये काम मागून घेतलं. त्यांची भाकरीही तिकडेच गेली.

दसऱ्यानंतर साहेबांनी मला गाठलं आणि विचारलं, त्या दिवशी ते नेमकं काय चाललं होतं. मी पूजेचं सांगितलं. वर्षभर ज्या हत्यारांनी पोट भरतं त्यांचे त्या दिवशी आभार मानतात, आणि मधली जागा मानाची असते, हेही सांगितलं. साहेब आपल्या हत्यारांच्या मोठ्या पेटाऱ्यावर बसले. मग म्हणाले की माझ्या वडिलांनी जन्मभर ती लेव्हल वापरली, गोदी बंद पडली तेव्हा मालकाने त्यांच्याशी हातही मिळवला नाही. त्या लेव्हलला आजवर कुणी फूल वाहिलं नव्हतं.

"आय'म ब्लॅक अफ्रंटेड," ते म्हणाले.

स्कॉटिश माणूस हे सहजासहजी म्हणत नाही. शरमेने तोंड काळं पडलं, कुठे दाखवायला जागा राहिली नाही, असा त्याचा अर्थ. आणि ते पुढे म्हणाले, "मी सगळ्यांसमोर ओरडलो, तर सगळ्यांसमोरच माफी मागणार. चहाच्या सुट्टीत तू माझ्यासोबत उभा राहा आणि एकेक शब्द सांग. फक्त एक कळत नाही, त्याने मला आधी विचारलं का नाही?"

साहेब सगळ्यांसमोर हे बोलणार, मी ते सांगणार, आणि तात्या म्हणणार, इचारलं हुतं की. म्हणून मी साहेबांना सांगितलं, आमच्याकडे अशी चारचौघांत माफी मागितली तर वडीलधाऱ्या माणसाला अवघड वाटतं, ती रीत नाही. मी एकांतात तात्यांना तुमचा निरोप पोचवतो.

अशी काही रीत नाही. माझी कातडी वाचवायला मी माझ्या माणसांच्या नावावर एक रीत खपवली. दुभाष्यावर परका माणूस विश्वास ठेवतो तो नेमका याच बाबतीत, आणि साहेबांनी ठेवला.

मी निरोप पोचवला नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा सांगितलं, तात्या म्हणाले, विसरून जा. पण तात्या काही परत आले नाहीत. प्रेसचा पहिला पत्रा दाबला तेव्हा आले नाहीत, साहेबांच्या निरोपाच्या चहालाही आले नाहीत. मी त्यांना बोलवायला गेलो होतो. ते म्हणाले, "मास्तर, शिव्यांचं काय न्हाई. म्या बी दिल्यात की त्येनला. पर आदी हो म्हनायचं आन् मग चार मानसांत चोर ठरवायचं? दोन तोंडाच्या मानसासंगट मी च्या पीत न्हाई." चोर हा शब्द मी सांगितला नव्हता. कारखान्यातल्या एका शिकाऊ इंजिनियराने तेवढा ओळखला आणि पोचवला.

जाताना डगीसाहेब गाडीत बसेपर्यंत त्या शेडकडे बघत होते. "थ्रॉन," एवढंच म्हणाले. थ्रॉन म्हणजे हेकट, एकदा ठरवलं की न वळणारा. त्यांच्या तोंडी त्यात राग नव्हता, दुःख होतं.

मधे बरीच वर्षं गेली. तात्या निवृत्त झाले. नववर्षाला डगीसाहेबांचा मला संदेश येतो, तुमच्या धुराड्यातून सदा धूर निघत राहो, म्हणजे घरची चूल पेटती राहो, असा त्यांच्याकडचा आशीर्वाद. खाली दरवेळी एक ओळ असते, तात्या कसे आहेत? मी दरवेळी लिहायचो, छान आहेत. आणि व्याख्यानांत मी खिडकीबाहेरच्या बुडाची गोष्ट सांगून टाळ्या घ्यायचो.

यंदा सातारच्या स्टँडवर तात्या भेटले. बायकोला डोळ्यांच्या डॉक्टरकडे आणलं होतं. मला बघून त्यांना एवढा आनंद झाला की मला पळून जावंसं वाटलं. बायकोला म्हणाले, "हे आपले मास्तर. त्या गोऱ्याचं सांगत असतो बग मी. तवा तिथं ह्येच एकले खरे मानूस हुते."

काकूंनी डोळ्यावरची पट्टी सावरून मला नमस्कार केला. मी त्यांना उंब्रजच्या गाडीत बसवून दिलं. घरी येऊन जेवलो नाही. बायकोने विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगताय? उंब्रजला जा."

रविवारी गेलो. तात्या अंगणात पंपाची मोटर उघडून बसले होते. काकूंनी चहा ठेवला. मी चहा यायच्या आधीच बोललो, कारण तो प्यायल्यावर मला बोलता आलं नसतं. फोन चालू होता म्हणून मी अर्ध्या वाटेतून परत आलो होतो इथपासून सगळं. साहेबांना विचारलंच नव्हतं. त्यांना माफी मागायची होती, सगळ्यांसमोर. ती मीच अडवली.

तात्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "म्हंजी साहेब हो म्हनलेच न्हवते?"

"नाही."

"आन् त्येनला वाटलं, म्या न इचारता पेटी उघडली."

"हो."

"इतकी वरसं मी त्या मानसाला शिव्या घातल्या," ते म्हणाले. "शिव्या कुनाला घालायला पायजे हुत्या, ते आज कळलं." मग आत वळून काकूंना म्हणाले, "च्या राहू दे जरा." आणि मला, आयुष्यात पहिल्यांदा एकेरीवर येऊन, "फोन हाय न्हवं त्येचा? लाव. आन् मास्तर, आज मधी तुजं काय घालू नगंस."

तिकडे सकाळ होती. डगीसाहेब फोनच्या पडद्यावर आले तेव्हा मला ओळखायला वेळ लागला, इतके वाळले होते. त्यांना मात्र माझ्या मागचा मफलर लगेच ओळखू आला. ते उठले, गुडघा धरत आत गेले आणि ती लाकडी पेटी घेऊन आले. लेव्हल काढून त्यांनी पडद्यापुढे धरली. बूड लखलखीत होतं. पण वडिलांच्या कोरलेल्या नावात हळद तशीच होती, पिवळीधमक. ती मुद्दाम पुसली नाही, असं ते म्हणाले. मी ते तात्यांना सांगितलं. तात्या मोटरीच्या काळ्या हाताने डोळे पुसायला गेले आणि सगळं कपाळ काळं करून बसले.

मग म्हणाले, "त्येनला सांग, ह्यो मास्तर लबाड हाय. त्येनं इचारलंच न्हवतं."

मी सांगितलं. शब्दाला शब्द, काही मऊ न करता. मला लबाड म्हणालेत, आणि ते खरं आहे, असं सांगितलं. साहेबांनी तात्यांकडे बोट करून मला विचारलं, "त्याची माफी मागितलीस का?"

तेव्हा लक्षात आलं की मी हकिगत सांगितली होती, माफी मागितलेलीच नव्हती. साहेबांना मी म्हणालो, आय'म ब्लॅक अफ्रंटेड, तुमचा निरोप मी अडवला, मला माफ करा. मग तात्यांकडे वळलो. कारखान्यात, क्लासात, व्याख्यानात जी मराठी मी जपून वापरत आलो ती त्या वेळी तोंडात आलीच नाही. सांगलीच्या कॉलेजात घासून काढलेली आली.

"तात्या, म्या इचारलंच न्हवतं," मी म्हणालो. "चुकलं माजं. माफी करा."